उन्हाळ्याचा पेला, हिवाळ्याचा पेरू

मे महिन्यात भेडाघाटला धुवांधारकडे जाणाऱ्या वाटेवर संगमरवरी मूर्ती विकणारी दुकाने असतात. त्यांच्या अधूनमधून उसाचा रस, लिंबू सरबत, बर्फाचा गोळा आणि बाटलीबंद शीतपेये विकणाऱ्या गाड्या उभ्या असतात. जबलपूर शहरापासून हे ठिकाण वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो आणि नर्मदेचे पांढरे कडे उन्हात तळपत असतात. धबधब्याचे तुषार अंगावर घेऊन वर आलेला प्रवासी सावली आणि काहीतरी गार शोधू लागतो. त्याच्या हाती पडते ते बहुधा साखर, रंग आणि बर्फ. पेरू, सीताफळ, आंबा आणि जांभूळ पिकवणाऱ्या खोऱ्यातल्या उन्हाळ्याच्या पेल्यात फळ मात्र शोधावे लागते.

भेडाघाट-लम्हेटाघाट परिसराचा समावेश 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. अशा ठिकाणी स्थानिक फळांचे गोठवलेले कॉकटेल मिळावे, ते परिसरातील महिला बचत गटांनी तयार करावे आणि त्यातून बागायतदाराला दोन पैसे अधिक मिळावेत, ही कल्पना कोणालाही पटेल. ती अव्यवहार्यही नाही. मात्र फळे गोठवण्याची चर्चा निघाली की ती लगेच यंत्रावर, शीतगृहावर आणि विजेच्या बिलावर जाते. गोठवायचे फळ कोणत्या हंगामाचे आणि कोणत्या बागेतले, हा प्रश्न बाजूला पडतो. वास्तविक या पदार्थाचे यशापयश त्या प्रश्नावरच ठरते.

कॉकटेल म्हटले की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे आइस्क्रीम, फळांचे तुकडे आणि जेली यांनी भरलेला उंच ग्लास येतो. भारतीय अन्नमानकांत ‘फ्रूट कॉकटेल’ची स्वतंत्र व्याख्या आहे, ती उष्णतेची प्रक्रिया केलेल्या डबाबंद फळांची. पाकात बुडवून, डब्यात भरून, तापवून टिकवलेली फळे वर्षभर राहतात, परंतु त्यांचा ताजा गंध उष्णतेबरोबर जातो. काही फळांना तर ही उष्णता मुळीच मानवत नाही. सीताफळाचा गर तापवला की कडवटपणा धरतो, हा अनुभव रबडी करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला असतो. म्हणूनच रबडी पूर्ण निवल्यावर गर घालण्याची पद्धत आहे. पुरंदरपासून बीडपर्यंत सीताफळावर प्रक्रिया करणारे गर गोठवण्याकडे वळले, त्यामागे हेच साधे कारण आहे. जबलपूरच्या दक्षिणेला असलेला आणि नागपूरला लागून असलेला सिवनी जिल्हा ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत सीताफळासाठीच निवडला गेला आहे. 1956 पर्यंत हा सारा मुलूख विदर्भासह एकाच राज्यात होता. फळांची ओळख आणि फळबागांच्या अडचणी आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच आहेत.

यातली सर्वांत मोठी अडचण म्हणजे फळमाशी. उत्तर आणि मध्य भारतात पेरूच्या झाडाला पावसाळ्यात भरपूर फळ येते. ते चवीला पाणचट असते, लवकर नासते आणि बाजारात मातीमोल होते. साहजिकच एक युक्तिवाद पुढे येतो: जे फळ विकले जात नाही ते गोठवावे, उन्हाळ्यात काढावे आणि त्याचे मूल्य वाढवावे. कागदावर हे गणित सुंदर दिसते. प्रत्यक्षात पावसाळी पेरू स्वस्त असतो त्याचे एक कारण आवक आहे आणि दुसरे त्याच्या आतली अळी.

बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, बॅक्ट्रोसेरा झोनाटा आणि बॅक्ट्रोसेरा करेक्टा या तीन फळमाश्या पेरूवर आणि आंब्यावर प्रामुख्याने आढळतात. मादी आपल्या टोकदार अंडनिक्षेपकाने पिकू लागलेल्या फळाच्या सालीला छिद्र पाडते आणि सालीखाली अंडी घालते. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसतो, तोही जाणत्या डोळ्यालाच. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, अळ्या गरात शिरतात, त्यांच्या मागोमाग कुजवणारे जिवाणू येतात आणि फळ गळून पडते. पूर्ण वाढलेली अळी फळातून उडी मारून बाहेर येते व मातीच्या वरच्या थरात कोषात जाते. उष्ण आणि दमट हवेत तीन-चार आठवड्यांत नवी पिढी उडू लागते. झाडाखाली पडलेला पेरू उचलला गेला नाही की पुढच्या पिढीची सोय झालीच.

असे फळ गोठवले तर अळी मरते, हे खरे आहे. शीघ्र गोठवण ही फळमाशीविरुद्धची मान्य क्वारंटाइन प्रक्रिया आहे; उणे अठरा अंश सेल्सिअसला अंडी आणि अळ्या तग धरत नाहीत. पण मेलेली अळी फळातच राहते. ग्राहकाच्या चमच्यावर ती जिवंत आली काय किंवा मेलेली आली काय, तो त्या पदार्थाकडे पुन्हा वळणार नाही. कीटकांच्या अवशेषांचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी अळीने पोखरलेल्या गरात किण्वन सुरू झालेले असते. त्या आंबूस वासावर थंडीचा काही इलाज चालत नाही. फळ वितळू लागले की तो तसाच वर येतो.

निर्यातीच्या बाजारात हा धडा एकदा महागात शिकून झाला आहे. युरोपात पोहोचलेल्या भारतीय मालात फळमाशी आणि अन्य किडी वारंवार सापडल्यामुळे युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंबा आणि चार भाज्यांच्या आयातीवर बंदी घातली. ऐन हापूसच्या हंगामात कोकणातील बागायतदार हवालदिल झाला. आंब्यावरील बंदी 2015 मध्ये उठली, तीही उष्णजल आणि बाष्प प्रक्रियेची, तपासणीची शिस्त दाखवल्यानंतर. भेडाघाटच्या गाडीवर कोणी निरीक्षक भिंग घेऊन उभा राहणार नाही. पण पर्यटनस्थळाचा ग्राहक एका अळीची गोष्ट गावभर सांगतो, आणि नव्याने उभा राहणारा बचत गटाचा व्यवसाय तेवढ्याने बसू शकतो. मोठ्या कंपनीला असा धक्का सोसता येतो, दहा बायकांच्या गटाला तो सोसत नाही.

म्हणून गोठवायचा पेरू हिवाळ्याचाच हवा. मृग बहराचे फळ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत काढणीला येते. थंडीत फळमाशीची हालचाल मंदावते, फळ घट्ट आणि गोड असते, त्यात जीवनसत्त्व ‘क’चे प्रमाणही पावसाळी फळापेक्षा चांगले असते. मध्य प्रदेशात ‘एल-49’ या नावाने ओळखला जाणारा पेरू मूळचा पुण्याचा. डॉ. चीमा यांनी 1927 मध्ये गणेशखिंड येथील संशोधन केंद्रात अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून त्याची निवड केली. पुढे तो ‘सरदार’ म्हणून प्रसिद्ध झाला. गर पांढरा, बी तुलनेने मऊ. काढणी योग्य वेळी झाली तर या वाणाच्या फोडी गोठवूनही खाण्याजोग्या राहतात. पूर्ण पिकून मऊ झालेला पेरू मात्र फोडींसाठी वापरू नये. त्याचा गर काढावा.

बहर नियंत्रणाची शिफारस जुनी आहे आणि ती अनेकांना पाठही आहे. उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पावसाळी पीक टाळायचे आणि पावसाच्या आगमनाबरोबर येणारी फूल-फळधारणा हिवाळ्यासाठी धरायची. तरीही हाती येणारे पीक सोडण्याचे धाडस लहान शेतकऱ्याला होत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पावसाळ्यातल्या चार पाट्यांचे पैसे त्याच्या हातात लगेच पडतात आणि हिवाळ्याच्या फळाला कोण काय भाव देईल याची हमी त्याला कोणी दिलेली नसते. प्रक्रिया करणाऱ्या गटाने जूनमध्येच हिवाळ्याच्या पेरूचा सौदा केला, तर बहर बदलण्याचे व्याख्यान देण्याची गरज उरणार नाही.

फळाला फोमची जाळी आणि पिशवी घालण्याची पद्धत महाराष्ट्रात पेरूच्या मोठ्या फळांच्या वाणांत चांगली रुजली आहे. तशा झाकलेल्या फळात पावसाळ्यातही माशी शिरत नाही. परंतु ते देखणे फळ ताजेच चांगल्या भावाने विकले जाते. गोठवणाऱ्याच्या वाट्याला येते ते उघड्यावरचे, प्रतवारीत मागे पडलेले. त्यामुळे पिशवीचा दाखला देऊन पावसाळी मालाचे समर्थन करता येत नाही.

सापळ्यांची गोष्ट थोडी वेगळी आणि मोठी रंजक आहे. बिहारमधील पुसा येथे काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी 1912 मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. डास दूर राहावेत म्हणून वापरलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या झेपावत होत्या, आणि आश्चर्य म्हणजे त्या सगळ्या नर होत्या. पुढे या आकर्षणामागचा घटक मिथिल युजेनॉल असल्याचे त्यांनीच दाखवले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या फळमाशीच्या गंधसापळ्यांचा उगम असा भारतीय बंगल्यात आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्याच परंपरेतला. सापळा नरांना मारतो, त्यामुळे माद्यांचे मीलन घटते. मात्र एकट्या बागायतदाराने सापळे लावले आणि शेजारच्या बागेत गळलेली फळे कुजत राहिली, तर बाहेरून आलेल्या गर्भार माद्या त्याचे फळ टोचतच राहतात. पडलेली फळे रोज वेचणे आणि खोल खड्ड्यात पुरणे हे कंटाळवाणे काम आहे. तरीही सापळा ते काम टाळू देत नाही.

प्रत्यक्ष कृती त्या मानाने सोपी आहे. घट्ट, गाभुळलेला पेरू स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावा, पुसून कोरडा करावा आणि उजेडात कापावा. प्रत्येक फळाचे प्रथम दोन भाग करून आत पाहिल्याशिवाय पुढची फोड करू नये; अळी हेरण्याची हीच शेवटची संधी असते. बियांचा गाभा काढून साधारण दोन सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. लिंबाच्या रसाच्या पाण्यात त्या काही मिनिटे ठेवल्या की काळ्या पडत नाहीत, कारण फळ कापल्यावर हवेच्या संपर्काने रंग बदलवणाऱ्या विकराला आम्लता आवडत नाही. मग फोडी निथळून ताटात एकेरी थरात पसरून गोठवाव्यात आणि कडक झाल्यावरच पिशवीत भराव्यात. आधीच पिशवीत कोंबल्या तर मधल्या फोडी सावकाश गोठतात. सावकाश गोठताना पेशींत बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात, ते पेशीभित्तिका फाडतात आणि वितळल्यावर फोडीचा लगदा होतो. कारखान्यातील शीघ्र गोठवणीचे सारे रहस्य स्फटिक लहान ठेवण्यात आहे. घरच्या फ्रीझरमध्ये ते पूर्ण साधत नाही, पण पातळ थराने बरेचसे साधते. पिशवीतली हवा दाबून काढावी, तारीख लिहावी आणि साठवण उणे अठरा अंशांवर अखंड ठेवावी.

सीताफळाचा गर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढून थोड्या साखरेसह आणि लिंबाच्या रसासह लहान डब्यांत गोठवावा. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सीताफळाच्या बिया फुटल्या की त्यांतील घटक गरात उतरतात, आणि ते घटक कीटकांना मारण्याइतके विषारी आहेत. बियांची पूड उवांवर लावण्याचा जुना घरगुती प्रघात आहे आणि ती डोळ्यांत गेल्याने गंभीर इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. वेळ वाचवण्यासाठी बियांसकट गर मिक्सरमध्ये फिरवणे हा म्हणूनच केवळ आळशीपणा ठरत नाही, तो धोका आहे. गर हाताने किंवा बिया न फोडणाऱ्या यंत्रानेच काढावा.

फेब्रुवारी-मार्चची द्राक्षे अख्खी गोठतात आणि चोखून खायला मुलांना फार आवडतात. पपईच्या फोडी बऱ्या राहतात. कलिंगड गोठवण्याच्या भानगडीत पडू नये; त्यात पाणीच इतके की वितळल्यावर चोथा उरतो, आणि उन्हाळ्यात ते ताजे मिळतेच. अननस दुधाबरोबर द्यायचा असेल तर आधी शिजवून घ्यावा, कारण त्यातील प्रथिने तोडणारा विकर गोठवणीने नष्ट होत नाही आणि दूध कडू होते. पेला भरताना फळे पूर्ण वितळू न देता अर्धवट गोठलेली असतानाच वाढावीत. वरून लिंबू, काळे मीठ आणि मधोमध सीताफळाच्या गराचा एक गोळा. वेगळा बर्फ घालण्याची गरजच राहत नाही, आणि या पदार्थाचा सर्वांत मोठा गुण कदाचित हाच आहे.

बर्फाबद्दलची बेफिकिरी जुनी आहे. मासे आणि नाशवंत माल टिकवण्यासाठी केलेला बर्फ खाण्यासाठी नसतो. तो ओळखता यावा म्हणून 2018 पासून महाराष्ट्रात अशा बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक झाले. तरीही गोण्यात गुंडाळून आलेली लादी पायरीवर फोडली जाते आणि तिचाच चुरा सरबतात जातो, हे दृश्य देशातल्या कोणत्याही यात्रेत दिसते. गोठलेले ते निर्जंतुक, असा समज त्यामागे आहे. तो चुकीचा आहे. 2013 मध्ये अमेरिकेत गोठवलेली बेरी फळे आणि डाळिंबाचे दाणे यांच्या मिश्रणातून हिपॅटायटिस ‘अ’ची साथ पसरली आणि दीडशेहून अधिक लोक आजारी पडले. विषाणू गोठवणीत सुखाने टिकतो. फळ ज्या पाण्याने धुतले आणि ज्या हाताने कापले, त्या पाण्याची आणि हाताची स्वच्छता जशीच्या तशी मे महिन्यापर्यंत जपून ठेवली जाते. पिण्यायोग्य पाणी, साबण, हातमोजे आणि आजारी व्यक्तीला सुट्टी या गोष्टींवर म्हणूनच फ्रीझरच्या आधी खर्च व्हायला हवा.

यंत्रे कोठून आणायची, असा आक्षेप येईल. जबलपूर जिल्ह्याला ‘एक जिल्हा एक उत्पादन’मध्ये मटार मिळाला आहे, आणि मटार सोलून गोठवण्याचे तंत्र या भागाला नवे नाही. मटारचा हंगाम हिवाळ्याचा आहे. त्याच्या आधी सीताफळ येते, नंतर द्राक्षे, पपई आणि शेवटी आंबा. म्हणजे गोठवण यंत्रणा मटारसाठी उभी असेल, तर तिच्या रिकाम्या महिन्यांत फळे बसू शकतात. गाठ पडते ती नेमकी पेरूशी, कारण त्याचे उत्तम फळ मटारबरोबरच येते. ही अडचण खोटी नाही. दोन्ही माल एकाच वेळी आले तर कारखानदार मटारलाच पसंती देईल, आणि त्यात त्याची चूक नाही. पेरूच्या फोडी बचत गटांनी डीप फ्रीझरमध्ये पातळ थराने गोठवाव्यात आणि मोठ्या यंत्रणेकडून केवळ साठवणुकीची जागा भाड्याने घ्यावी, हा मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो. विजेचा खंड मात्र जिथे नित्याचा आहे तिथे हा व्यवसाय सुरूच करू नये; वितळून पुन्हा गोठलेले फळ विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना 2020 पासून प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, अनुदान देते. हे भांडवली अनुदान आहे, आणि भांडवल म्हणजे यंत्र. गळलेली फळे वेचण्याच्या मजुरीला त्यात स्थान नाही. दहा बागांचा एक गट करून वर्षभर फळमाशीचे सामूहिक व्यवस्थापन करायला एका फ्रीझरपेक्षा कमी पैसा लागेल आणि त्याचा उपयोग ताज्या फळालाही होईल. जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय असो किंवा महाराष्ट्रातील चार कृषी विद्यापीठे, प्रक्रिया प्रशिक्षणाच्या वर्गात कीडशास्त्राचा एखादा तास ठेवून भागणार नाही. प्रशिक्षणाचा पहिला दिवस बागेत, पडलेल्या फळाखालची माती उकरून कोष दाखवण्यात जायला हवा.

भेडाघाटपुरती आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. तिथल्या संगमरवरी कड्यांवर आग्या मधमाश्यांची मोठी पोळी लटकतात. या माश्या उठल्या असता पाण्यात उडी घेऊन बुडालेल्या एका इंग्रज अभियंत्याची हकिगत फोर्सिथ यांच्या 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरील ग्रंथात आहे. याच माश्या आसपासच्या झाडाझुडपांचे परागीभवन करतात, त्यामुळे त्यांना हुसकावणे हा उपाय होऊ शकत नाही. उन्हाळ्यात फुले विरळ झाली की त्या गोड पाकाकडे येतात. फळांच्या साली, उष्टे पेले आणि सांडलेला रस उघड्यावर राहिला तर मधमाश्या, गांधीलमाश्या आणि घरमाश्या एकत्र जमतील, आणि मग दोष मधमाश्यांवर जाईल. झाकणाचा कचऱ्याचा डबा आणि संध्याकाळी त्याची उचल ही किरकोळ वाटणारी अट परवान्यातच लिहिली जायला हवी. फळे कापण्याचे काम तर घाटावर होऊच नये. ते गावात, जाळीच्या खोलीत व्हावे आणि घाटावर केवळ बंद डबा यावा.

या सगळ्याचा हिशेब मांडताना वेळेचे एक अंतर लक्षात ठेवावे लागते. ज्या मे महिन्यात प्रवासी धुवांधारच्या वाटेवर गार पेला शोधत असतो, त्याच महिन्यात पेरूचे झाड पाण्यावाचून ताणावर उभे असते, त्याची पाने पिवळी पडून गळत असतात. जूनच्या पावसाने त्याला नवी पालवी आणि कळी येते, डिसेंबरात फळ उतरते आणि पुढच्या मे महिन्यात ते पेल्यात येते. पुढच्या उन्हाळ्यासाठी ज्या गटाला गोठवलेले कॉकटेल विकायचे असेल, त्याने बागायतदाराच्या दारात जायचे ते याच उन्हाळ्यात, पहिला पाऊस पडण्यापूर्वी.